खडकातली पोकळी

रीफ टँकसमोर उभे राहिल्यावर नजर आधी माशांवर जाते, मग प्रवाळांवर. हे सगळे ज्याच्या आधारावर उभे असते त्या जांभळट खडकाकडे ती सर्वांत शेवटी वळते, पुष्कळदा वळतच नाही. जाणकार मात्र तिथूनच सुरुवात करतो. या खडकाला शौकीन मंडळी ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात. बहुधा तो मेलेल्या प्रवाळांचा चुनखडी सांगाडा असतो, पण त्याच्या अंगाखांद्यावर आणि पोटात असंख्य जीव नांदत असतात. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 साली आपली रीत लिहून प्रसिद्ध केली: समुद्राचे पाणी, असा खडक आणि हवेचे मंद बुडबुडे. पुढे बर्लिनच्या शौकिनांनी तिला प्रोटीन स्किमरची, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या उपकरणाची, आणि भरपूर प्रकाशाची जोड दिली. तेव्हापासून या टँकमध्ये खडकच फिल्टर झाला, आणि तो शोभेची वस्तूही राहिला.

म्हणून खडक आधी हातात घ्यावा, डोळ्यांनी नंतर बघावा. आकाराच्या मानाने तो हलका लागला पाहिजे. उत्तम अनारशाची पारख जशी जाळीवरून, तशी याचीही. वरच्या छिद्रांत प्राणवायू खेळता असतो. तिथले जिवाणू माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्राइटचे नायट्रेट. हे काम बाजारातला साधा स्पंज फिल्टरही करतो. खरी करामत आत आहे. पाणी झिरपत खोल जाते, वाटेत प्राणवायू संपतो, आणि तिथले वेगळे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. दोन बोटांच्या जाडीत दोन परस्परविरुद्ध हवामाने! शंभर लिटरला बारा किलो हा जुना हिशोब म्हणूनच मला भाबडा वाटतो. आपण वजनाचे पैसे मोजतो आणि उपयोग होतो पोकळीचा.

मग रंग. जांभळा, गुलाबी, क्वचित विटकरी असा जो लेप दिसतो तो कोरॅलाइन शैवालाचा. हे शैवाल आपल्या पेशींच्या भिंतींत चुना साठवते, म्हणून नखाने खरवडले तरी सहज निघत नाही. नवशिका सगळीकडून एकसारखा जांभळा दगड मागतो. मला मात्र डागाडागांचा आवडतो. एखाद्या कपारीत नारिंगी स्पंज, कडेला चिकटलेले छोटे शिंपले, नळीतून पिसारा बाहेर काढून चाहूल लागताच आत ओढणारा कृमी: असा दगड जिवंत आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. फिजीचा खडक डौलदार आणि हलका, पण तो ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून येई, त्यामुळे प्रवासात बरेच जीव मरत. फ्लोरिडात नैसर्गिक खडक काढण्यावर बंदी आली, तेव्हा तिथल्या लोकांनी जमिनीवरच्या खाणीतला चुनखडक भाडेपट्ट्याने घेतलेल्या समुद्रतळावर टाकून ठेवला आणि काही वर्षांनी पिकासारखा वर काढला. तो जड असतो, घाटही बेताचा. पण पाण्यात बुडवून पाठवला तर असा गजबजलेला येतो की त्याचे जडपण माफ करावे.

पारखीत नाकही लागते. चांगल्या खडकाला ओहोटीच्या किनाऱ्याचा वास येतो. सडक्या अंड्याचा आला, तर आत काहीतरी मरून कुजते आहे. तसा थोडा वास नव्या खडकाला येतोच, आणि त्यासाठीच क्युअरिंग असते. खडक खाऱ्या पाण्यात खळबळून घ्यायचा, नळाच्या पाण्यात चुकूनही नाही. पांढरा, बुळबुळीत झालेला स्पंज चिमट्याने आणि ब्रशने काढायचा. मग अंधाऱ्या पिंपात, 25-26 अंश तापमानाच्या खाऱ्या पाण्यात, पॉवरहेड पंपाच्या जोरदार प्रवाहात तो ठेवायचा. अंधार अशासाठी, की कुजण्यातून सुटणाऱ्या खतावर हिरवे शेवाळ फोफावू नये. अमोनिया चढतो, पाणी बदलावे लागते, पुन्हा चढतो. काही आठवड्यांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतात आणि तिथेच टिकतात. या काळात कसबी माणूस जे करत नाही ते पाहण्यासारखे असते: औषध नाही, घाई नाही. तांब्याचे औषध तर कधीच नाही. खडक ते शोषून घेतो आणि पुढे हळूहळू सोडत कोळंबी-प्रवाळांचा जीव घेतो.

खडकासोबत आलेल्या पाहुण्यांची निवड हा आणखी नाजूक भाग. केसाळ ब्रिसलवर्म पाहून लोक दचकतात, पण त्यातले बहुतेक उरलेसुरले खाऊन टाकणारे सफाई कामगार असतात. ते राहू द्यावेत. याउलट आयप्टेशिया हे काचेसारखे सुंदर, छोटे समुद्रफूल दिसले की तत्काळ त्याच्या तोंडात चुन्याची दाट पेस्ट भरावी. ते तोडले तर तुकड्यातुकड्यातून नवे उगवते. रात्री पिंपातून टकटक ऐकू आली, तर आत शिकारी मँटिस श्रिंप असण्याची शक्यता धरावी. सुंदर कोण आणि उपयोगी कोण, हा भेद इतक्या स्पष्टपणे क्वचितच शिकायला मिळतो.

शेवटी रचना. पायाचे दगड वाळूवर नव्हे, थेट तळकाचेवर टेकवायचे, नाहीतर बिळे करणारे मासे खालची वाळू उपसतात आणि डोंगर कोसळतो. प्रत्येक दगड निदान तीन ठिकाणी टेकलेला हवा. मागच्या काचेला भिंत लावून टाकणारी रचना मला पटत नाही. तिच्यामागे घाण साचते आणि माशांना पोहायला वाट उरत नाही. उत्तम रचनेत एखादी कमान असते, एक खोल गुहा असते, आणि बरीचशी जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते. खडकाच्या आत जी पोकळी कामी आली, तीच इथे बाहेर शोभते.

आपल्याकडच्या शौकिनांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मालवण, लक्षद्वीप किंवा मन्नारच्या आखातातले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. जिवंत असोत वा मेलेले, त्यांना हात लावू नका. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा कृत्रिम खडक घ्या. सिमेंटचा असेल, तर पाण्याचा पीएच उतरेपर्यंत तो गोड्या पाण्यात भिजवून ठेवा. मग एखाद्या मित्राच्या जुन्या, स्थिरावलेल्या टँकमधला कायदेशीर खडकाचा मूठभर तुकडा मागून आणा आणि मधोमध ठेवा. बाकीचे दगड त्याच्यापासून जिवंत होतात. फक्त महिने लागतात.