बाहुलीची समीक्षा कोणी करायची?

गेल्या काही व्याख्यानांत आपण अभिरुची या संकल्पनेभोवती फिरतो आहोत. आज उदाहरण घ्यायचं आहे ते कविता किंवा चित्र यांचं नाही. सुपरहिरोंच्या महागड्या बाहुल्या, त्या जमवणारे संग्राहक आणि त्या बाहुल्यांची कॅमेऱ्यासमोर परीक्षणं करणारे लोक, असं हे त्रिकूट आहे. संग्राहकांना 'बाहुली' हा शब्द खपत नाही. त्यांचा शब्द 'अ‍ॅक्शन फिगर', किंवा नुसतंच 'फिगर'. माझा एक जुना विद्यार्थी या नादात आहे. तो मला हे व्हिडिओ पाठवत असतो आणि मी ते बघतो. वर्गात ज्या प्रश्नांवर मुलं जांभया द्यायची, त्याच प्रश्नांवर तिथे माणसं हातघाईवर येतात. म्हणून हा विषय.

आधी या शब्दाकडे बघू, कारण त्याचाही एक इतिहास आहे. १९६४ साली हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने जी. आय. जो नावाचा साधारण बारा इंची सैनिक बाजारात आणला. कपडे बदलता येणारा, हातपाय वळणारा. म्हणजे बाहुलीच. पण मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, त्यांचे वडील ती विकत घेणार नाहीत, ही धास्ती. म्हणून 'अ‍ॅक्शन फिगर' हा शब्द घडवला गेला. वस्तू तीच, नाव पुरुषी.

हाच वाद पुढे कोर्टात गेला, आणि तो खटला मी तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावीन. अमेरिकेच्या तेव्हाच्या सीमाशुल्काच्या कोष्टकात फक्त माणसाचं रूप दाखवणारी ती बाहुली, तिच्यावर १२ टक्के कर. आणि प्राणी, राक्षस, यंत्रमानव असं माणूस नसलेलं काही दाखवणारं ते खेळणं, त्यावर ६.८ टक्के. टॉय बिझ ही कंपनी मार्व्हलच्या पात्रांच्या फिगर आयात करत होती. तिचं म्हणणं, आमचे एक्स-मेन माणसं नाहीत, सबब कर कमी लावा. २००३ साली न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी हे मान्य केलं. त्यांच्यासमोर त्या फिगर प्रत्यक्ष ठेवलेल्या होत्या, वुल्व्हरिनची नखंही त्यांनी पाहिली. आता गंमत बघा. एक्स-मेनच्या सगळ्या कथांचा गाभाच हा, की आम्हीही माणसं आहोत, आम्हाला माणसांत घ्या. आणि त्यांची मूर्ती विकणारी कंपनी कोर्टात सांगते, नाही हो, ही माणसं नव्हेतच! चाहते भडकले ते काही उगाच नाही.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वस्तू काय आहे हे ठरल्याशिवाय ती चांगली की वाईट हे ठरत नाही. खेळणं म्हणून ती चांगली असेल तर ती मुलाच्या हातात टिकली पाहिजे. शिल्प म्हणून चांगली असेल तर ती बघत राहावीशी वाटली पाहिजे. आजच्या महाग फिगरचं दुखणं असं, की ती स्वतःला खेळणं म्हणत नाही आणि शिल्प म्हणायलाही धजत नाही.

महाग म्हणजे किती? हाँगकाँगची हॉट टॉईज ही कंपनी २००० साली सुरू झाली. एकास सहा या प्रमाणातल्या, म्हणजे सुमारे एक फुटाच्या फिगर ती करते. चित्रपटातल्या नटाचा चेहरा, खऱ्या कापडाचे शिवलेले कपडे, बदलता येणारे हाताचे पंजे. किंमत अडीचशे-तीनशे डॉलर, आणि त्याहूनही पुढे. आपल्याकडे खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. तेव्हा पुण्यात किंवा ठाण्यात बसून हा नाद करणाऱ्याला काय मोजावं लागतं, तुम्हीच हिशेब करा.

आणि हे पैसे तो वस्तू पाहून देत नाही. कंपनी आधी नमुन्याची छायाचित्रं प्रसिद्ध करते, उत्कृष्ट प्रकाशात काढलेली. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की प्रत्यक्ष वस्तू वेगळी असू शकेल. त्या छायाचित्रांवर आगाऊ नोंदणी होते. वस्तू हातात यायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ जातो. मग एके दिवशी खोकं येतं. त्याच्या दोन दिवस आधी कोणीतरी परीक्षक कॅमेऱ्यासमोर तेच खोकं उघडून म्हणतो, चेहरा जमलेला नाही.

भांडण इथे पेटतं, आणि ते इतकं कडवट का होतं याचं उत्तरही याच क्रमात आहे. चित्रपटाचं परीक्षण आपण तिकीट काढण्यापूर्वी वाचतो, तो सल्ला असतो. इथे पैसे वर्षापूर्वीच गेलेले. त्यामुळे परीक्षण हा सल्ला राहत नाही, तो निकाल होतो. आणि निकाल वस्तूवर नाही, घेणाऱ्यावर लागतो: तू फसलास. हे कोणाला ऐकवेल?

मग दोन आरोप सुरू होतात. परीक्षकाने स्तुती केली की म्हणायचं, याला कंपनीकडून फुकट मिळते, हा काय बोलणार. निंदा केली की म्हणायचं, याच्या स्वतःच्या खिशातून कुठे पैसे गेलेत, याला काय कळणार. म्हणजे फुकट मिळणं हे दोन्ही बाजूंनी पाप. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं सुधारली आणि वस्तू फुकट मिळाली असेल तर तसं सांगा, असं ब्लॉग लिहिणाऱ्यांनाही बजावलं. ते योग्यच आहे. पण सांगितल्याने प्रश्न सुटला असं मानू नका.

आपल्या मराठी नियतकालिकांकडे 'अभिप्रायार्थ' प्रती फुकटच येत आल्या आहेत. 'परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात' ही सूचना आपण सगळ्यांनी वाचली आहे. म्हणून काय सगळी मराठी पुस्तक-परीक्षणं विकली गेलेली होती? (भिडेपोटी लिहिलेली पुष्कळ होती, पण भीड ही वेगळी चीज आहे. ती फुकट प्रतीतून येत नाही, संमेलनात शेजारी बसण्यातून येते.) उलट बाजूने बघा. ज्याने स्वतःचे तीनशे डॉलर मोजले तो निःपक्षपाती झाला का? मला वाटतं तोच जास्त अडकलेला असतो. अभिनवगुप्ताने रसास्वादातली जी सात विघ्नं सांगितली, त्यांत एक 'निजसुखादिविवशीभाव' आहे. स्वतःच्या सुखदुःखाने माणूस इतका व्यापला जातो, की समोरचं त्याला दिसतच नाही. घरी भांडून नाटकाला आलेला प्रेक्षक तो हाच. वर्षभर वाट पाहून खोकं उघडणारा संग्राहकही तोच. खिशातून गेलेले पैसे प्रामाणिकपणाची हमी देत नाहीत. ते आपल्या खरेदीचं वकीलपत्र घ्यायला लावतात.

तर मग परीक्षकाची लायकी कशावरून ठरवायची? यासाठी मला डेव्हिड ह्यूम आठवतो. १७५७ च्या निबंधात तो डॉन किहोतेमधला किस्सा घेतो. सँको पांझाचे दोन नातेवाईक पिंपातल्या दारूची चव घेतात. एक म्हणतो, दारू उत्तम, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणतो, किंचित लोखंडाची. लोक दोघांना हसतात. पुढे पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली किल्ली सापडते. ह्यूमचा मुद्दा असा, की सूक्ष्म संवेदना ही खरी गोष्ट आहे, ती नुसती मतामतांची बाब नव्हे. चांगल्या टीकाकाराकडे सराव हवा, तुलना हवी, पूर्वग्रह नकोत.

सराव आणि तुलना या बाबतींत हे परीक्षक कच्चे नाहीत, हे मी मान्य करतो. चांगला परीक्षक गुडघ्याचा सांधा किती वळतो हे दाखवतो, कोपऱ्यात वाहून गेलेला रंग दाखवतो, जुन्या आवृत्तीशेजारी नवी उभी करतो. खोकं, पंजे, स्टँड, कपडे, चेहरा, किंमत, गुण दहापैकी. हा रीतसर पंचनामा आहे, आणि पंचनामा ही कष्टाची, उपयोगी गोष्ट आहे. पण पंचनाम्यात न्याय नसतो. दहापैकी साडेआठ हा आकडा कुठून आला, हे विचारा. चेहऱ्याचा अर्धा गुण आणि खोक्याचा अर्धा गुण एकाच तराजूत कसे बसले, ते विचारा.

त्यात आणखी एक तर्कदोष आहे, तो नैयायिकांनी चटकन पकडला असता. परीक्षकाच्या हातात एक व्यक्ती असते आणि तो बोलतो जातीबद्दल. स्वस्त फिगरमध्ये तर चेहऱ्याची छपाई नगागणिक बदलते. एकाचा डोळा जागेवर, शेजारच्याचा भुवईत. हॅस्ब्रोने पर्यावरणाच्या कारणाने खोक्याची प्लास्टिकची खिडकी काढून टाकली, तेव्हा संग्राहकांनी गिल्ला केला आणि २०२३ मध्ये कंपनीने खिडक्या परत आणायचं ठरवलं. बाहेरच्या माणसाला हा हट्ट वाटेल. पण दुकानात चार नग बघून त्यांतला सरळ डोळ्यांचा निवडायचा, तर आत दिसलं पाहिजे ना! त्या खिडकीतून ग्राहक स्वतःच परीक्षक होतो.

आता चेहऱ्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त शाई तिथे सांडते. 'हुबेहूब' हा त्यांचा एकमेव निकष. 'द डार्क नाइट'मधला हीथ लेजरचा जोकर घ्या. त्याच्या फिगरशेजारी चित्रपटातलं एक स्थिर दृश्य ठेवतात आणि ओठाची कड मोजतात. पण लेजरचा तो चेहरा कुठल्याही एका दृश्यात नाहीच. ओठ चाटणं, मान तिरकी करणं, शब्दाआधीचा थांबा, या हालचालींत तो जोकर आहे. शिल्पकाराला त्यातून एक क्षण उचलायचा असतो. लेसिंगने १७६६ मध्ये 'लाओकोऑन'मध्ये हाच प्रश्न घेतला होता. शिल्पकाराने भावनेचा कळस निवडू नये, त्याच्या अलीकडचा क्षण निवडावा. कळस दाखवला की कल्पनेला पुढे जायला जागा उरत नाही. संग्राहकांचं नेहमीचं गाऱ्हाणं आहे, की चेहरे भावशून्य असतात, किंचाळणारं डोकं का देत नाही? काही वेळा कंपनी बदलता येणारी दोन डोकी देते. माझ्या विद्यार्थ्याला मी विचारलं, कुठलं लावलंयस? म्हणाला, "सर, ओरडणारं आठवडाभर लावलं होतं, मग काढलं. सारखं कोण ओरडताना बघणार?" लेसिंग त्याने वाचलेला नाही. वाचायची गरजही पडली नाही. मात्र हे सत्य खोकं उघडल्यावर वीस मिनिटांत सापडणारं नव्हतं, त्याला आठवडा लागला.

या परीक्षणांबद्दल माझी खरी तक्रार इथे आहे. ती सगळी पहिल्या दिवसाची आहेत. ह्यूमच्या पिंपाचा तळ दिसायला पिंप रिकामं व्हावं लागलं. या वस्तूंनाही तळ आहे आणि तो चार-पाच वर्षांनी दिसतो. कित्येक पोशाखांना वापरतात ते खरं चामडं नसतं, पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड असतं. आपल्या भाषेत रेक्झिनच म्हणा. हवेतल्या आर्द्रतेने त्या थराची रासायनिक साखळी तुटत जाते. आधी भेगा, मग पापुद्रे. दिवाणखान्यातल्या सोफ्याचे पापुद्रे पँटला चिकटलेले तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवले असतील, तेच इथे. मऊ प्लास्टिकमधून तेलकट द्रव्य बाहेर येऊन पृष्ठभाग चिकट होतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात काय होत असेल, वेगळं सांगायला नको. ज्या फिगरला पहिल्या दिवशी साडेनऊ गुण मिळाले तिचा कोट पाच वर्षांनी झडलेला असतो, आणि ते साडेनऊ गुण तसेच टांगलेले राहतात. वाङ्मयात आपण पुनर्मूल्यांकन म्हणतो, तसं काही इथे अपवादानेच होतं. कारण सरळ आहे, जुन्या वस्तूचं परीक्षण कोण बघणार? कंपनीला नवी विकायची असते, परीक्षकाला नवी दाखवायची असते, आणि संग्राहकाला, प्रामाणिकपणे सांगायचं तर, कपाटातल्या जुनीकडे फार निरखून बघायचं नसतं.

मला ज्या परीक्षकाचा शब्द मानावासा वाटेल तो फुकट घेणारा की विकत घेणारा, याने मला फरक पडत नाही. २०१९ साली ज्या फिगरची त्याने स्तुती केली ती आज कपाटातून काढून, कोपराच्या घडीजवळ बोट फिरवून, तो काय दिसलं ते सांगतो का? असे काही थोडे आहेत. त्यांचे प्रेक्षक कमी असतात, आणि त्यांच्यावर चिडणारे जास्त.

राहता राहिले ते खोकं कधीच न उघडणारे. पुढे जास्त किमतीला विकता येईल म्हणून सील तसंच ठेवतात. त्यांना वाटतं, आपली वस्तू काळापासून सुरक्षित आहे. आर्द्रता सील बघून आत जायची थांबत नाही. रेक्झिन बंद खोक्यातही झडतं. तेव्हा दहा वर्षांनी एक माणूस दुसऱ्याला तिप्पट किमतीला जे विकतो त्याच्या आत काय उरलंय, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसतं, आणि सील फोडून बघितलं तर किंमत उतरते.

कोणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा. दहा-पंधरा मिनिटं आहेत आपल्याकडे.