चित्रशिक्षकाची रेषा : रावबहादुर धुरंधर यांच्या कलेचे मूल्यमापन

‘उत्तम शिक्षक’ हे विशेषण चित्रकाराच्या बाबतीत पुष्कळदा गौरवाचे नसून बोळवणीचे असते. ज्याला श्रेष्ठ म्हणवत नाही आणि सामान्य म्हणण्याचे धाष्टर्य होत नाही, अशा कलावंताचे स्थान या एका विशेषणाने निश्चित करून टाकण्याची आपल्या कलासमीक्षेला सवय जडलेली आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या वाट्याला हाच न्याय आला. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपनंतर आपल्याकडे जी अभिरुची रुजली, तिच्या दृष्टीने धुरंधर हे सरकारी कलाशाळेचे निष्ठावंत अध्यापक आणि पुस्तकांचे हुकमी सजावटकार एवढेच उरले. या निर्णयात तथ्यांश नाही असे नाही. परंतु त्यांचे अध्यापन आणि त्यांची चित्रनिर्मिती या दोन वेगळ्या गोष्टी होत, असे जे त्यात गृहीत धरलेले आहे, ते तपासून पाहणे अवश्य आहे.

धुरंधरांचा जन्म कोल्हापूरचा. १८९० साली ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले, तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे तेथील प्राचार्य होते. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात, लक्ष्मीच्या गृहागमनाच्या विधीवरील त्यांच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. पुढल्याच वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. १९३० साली संचालकपदाचा कार्यभार त्यांच्याकडे आला. त्या आसनावर बसणारे ते पहिले भारतीय होत. ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ हे १९४० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मचरित्र. आयुष्याची मोजदाद जन्मापासून न करता शाळेतील प्रवेशापासून करावी, असे ज्याला वाटले, त्या मनुष्याच्या कलेचा विचार त्या शाळेला वगळून करता येणार नाही.

ती शाळा काय शिकवीत असे? १८५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा पाया पाश्चात्त्य शिक्षणक्रमाचा होता. प्रथम छापील नमुन्यांवरून बाह्यरेषा गिरवायची, नंतर प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश साधायचा, अशी ही पायऱ्यापायऱ्यांची चढण होती. प्रत्यक्ष मनुष्याकृतीवरून अभ्यास करण्याला तेथे पक्के स्थान मिळाले ते पुढे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत. ग्रिफिथ्स यांनी मात्र विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या होत्या. त्या उद्योगामुळे एतद्देशीय आकृतीकडे पाहण्याची एक वाट शाळेत मोकळी झालेली होती. तरीही वर्गातील पुतळा ग्रीक आणि खिडकीबाहेरची वाट मुंबईची, हे अंतर शिल्लकच होते.

धुरंधरांचे खरे कर्तृत्व हे अंतर हाताने भरून काढण्यात आहे. पुतळ्यावरून कमावलेली शरीररचनेची जाण त्यांनी रस्त्यावर नेली. डोक्यावर ओझे घेतलेल्या बाईची मान कशी ताठ होते, नऊवारी लुगड्याचा काष्टा चालताना पोटरीवर कसा ताणला जातो, उकिडव्या बसलेल्या माणसाचा भार टाचांवर कसा उतरतो, हे त्यांच्या शेकडो पेन्सिली रेखाटनांतून दिसते. हे ज्ञान शाळेच्या कोणत्याही नमुनासंचात नव्हते. रविवर्म्याच्या स्त्रिया थांबलेल्या असतात. आपण पाहिल्या जात आहोत, याचे भान त्यांच्या उभे राहण्यात असते. धुरंधरांच्या स्त्रिया बहुधा कामावर निघालेल्या असतात. हा भेद विषयाचा नसून रेषेचा आहे. त्यांची रेषा वस्त्राच्या झगमगाटापेक्षा त्याखालील शरीराची हालचाल सांगण्यास उत्सुक असते. फळ्यावर दोन फटकाऱ्यांत विद्यार्थ्याला रचना उमगली पाहिजे, ही जी शिक्षकाची निकड, तीच या काटकसरीच्या मुळाशी आहे, असे मला वाटते.

याच गुणाने त्यांना सजावटकार म्हणून मागणी आली. एडवर्ड्स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तक (१९१२), किंकेड यांच्या दख्खनी व्रतकथा (१९१४) आणि ऑटो रॉथफील्ड यांचे भारतीय स्त्रियांवरील पुस्तक (१९२०) ही त्यांच्या चित्रांनी सजलेली आहेत. चित्रपत्रे, जाहिराती आणि छापील तसबिरी यांची गणती वेगळीच. यांतील रॉथफील्ड यांचे पुस्तक समीक्षकाची विशेष कसोटी पाहते. तेथे लेखकाला हवे आहेत ते नमुने : अमुक जातीची स्त्री, तमुक प्रांताची स्त्री. राज्यकर्त्यांच्या वर्गीकरणदृष्टीची ही चौकट धुरंधरांनी स्वीकारली, हे नाकारण्यात अर्थ नाही. चित्राखालची ओळ व्यक्तीचे नाव देत नाही, जात देते. परंतु चित्रातील बाई त्या ओळीत पुरती मावत नाही. तिच्या उभे राहण्याच्या ढबीत, पदर सावरण्याच्या लकबीत एखादी नेमकी पाहिलेली व्यक्ती डोकावते. चौकट साहेबाची आणि निरीक्षण धुरंधरांचे, असा हा संमिश्र व्यवहार आहे. त्यातील एकच बाजू सांगणारी समीक्षा अपुरी ठरते.

ह्याच रॉथफील्ड यांचे नाव आपल्या परिसराच्या कलेतिहासातही येते. ते कुलाब्याचे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचे, कलेक्टर असताना अलिबागजवळच्या सासवणे गावातील एका तरुणाचे कौशल्य त्यांनी हेरले आणि त्याला मुंबईच्या कलाशाळेची वाट दाखविली. ते शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) होत. करमरकर तेथे शिकत होते, त्या काळात धुरंधर तेथे अध्यापक होते. गणपतीच्या मूर्ती घडविणाऱ्या घरातील मुलाला कलावंत होण्यासाठी जी एकमेव दिंडी उघडी होती, ती सरकारी होती. आणि आतल्या बाजूस उभा असलेला एतद्देशीय मनुष्य धुरंधरांसारखा होता. या स्थानाचे मोल केवळ त्यांच्या चित्रांवरून मोजता येत नाही.

त्या स्थानाची किंमतही त्यांना द्यावी लागली. ज्या १९३० साली संचालकपद त्यांच्याकडे आले, त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी याच जिल्ह्यात, पनवेलनजीकच्या चिरनेर येथे, जंगल सत्याग्रहाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात सत्याग्रही बळी पडले. पहिला भारतीय संचालक नेमणारे सरकार आणि चिरनेरवर गोळ्या झाडणारे सरकार एकच होते. १९२७ साली रावबहादुर झालेल्या चित्रकाराकडून बंडाची अपेक्षा करणे अनैतिहासिक ठरेल. पण ज्या कष्टकरी माणसांच्या अंगकाठीचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला, ती माणसे त्यांच्या भव्य रचनांच्या केंद्रस्थानी सहसा का येत नाहीत, हा प्रश्न विचारणे समीक्षेचे कर्तव्य आहे.

भव्य रचनांत त्यांचे शिक्षकपण अडसर ठरते, हेही येथे नमूद केले पाहिजे. शिवराज्याभिषेकाचे त्यांचे प्रसिद्ध चित्र घ्यावे. शंभरांहून अधिक व्यक्ती, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्यासह, आपापल्या जागी, आपापल्या पोशाखात स्पष्ट ओळखू येतात. विसरलेले काही नाही आणि उणे राखलेलेही काही नाही. नेमकी तीच उणीव होय. डोळ्याला विसावा नाही, अंधाराला वाव नाही. पाहणाऱ्याने स्वतः शोधावे असे काही उरत नाही. रेखाटनात जी रेषा थोडक्यात थांबते, ती येथे धडा पुरा झाल्याशिवाय थांबत नाही. इतिहास जिवंत होण्याऐवजी समजावून सांगितला जातो.

२०१८ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई येथील दालनात धुरंधरांच्या कृतींचे मोठे प्रदर्शन झाले. त्यात तैलचित्रांबरोबर रेखाटने, जलरंगचित्रे आणि छापील कामे एकत्र मांडली गेली. त्यामुळे त्यांच्या कार्याच्या विस्ताराची कल्पना आली. आता गुणांचा क्रम लावण्याचे काम अभ्यासकांचे आहे. माझ्या मते तो क्रम रूढ समजुतीच्या उलट लागेल : रेखाटने अग्रस्थानी, पुस्तकांतील चित्रे त्यांच्या मागोमाग, आणि दरबारी व ऐतिहासिक रचना शेवटी. असा क्रम मान्य केला, म्हणजे ‘शिक्षक’ आणि ‘सजावटकार’ ही विशेषणे धुरंधरांना कमीपणा आणीत नाहीत. त्यांच्या सामर्थ्याची जागा कोणती, तेच ती दाखवितात. समजावून देण्याच्या वृत्तीने त्यांच्या रेषेला नेमकेपणा दिला आणि त्याच वृत्तीने त्यांच्या मोठ्या चित्रांतील गूढ हिरावून घेतले. हे दोन्ही एकाच मुळातून उगवले आहे, हे ओळखल्यावाचून केलेली त्यांची स्तुती व्यर्थ होईल, आणि निंदाही.