दोन वाटांचें परीक्षण

वाङ्मयविषयक मासिकांत रस्त्याचें परीक्षण कशासाठीं, असें एखादा वाचक विचारील. आमचें उत्तर एवढेंच कीं, गांवानें आपल्या माणसांविषयीं खरोखर काय ठरविलें आहे, तें त्याच्या ठरावबुकापेक्षां त्याच्या रस्त्यांत अधिक स्पष्ट लिहिलेलें असतें.

कर्जत स्टेशनाबाहेर पडलें कीं पहिल्याच ओळींत ठेंच लागते. बोरघाट चढण्यासाठीं गाड्यांस जादा इंजिनें जोडण्याचें हें ठिकाण. त्या थांब्यावर येथील बटाटेवड्याची कीर्ति वाढली आणि गांवहि वाढलें. मुंबईची लोकल येथवर येते, म्हणून आतां बहुमजली इमारती उठत आहेत. त्यांच्या जाहिरातींत नदी असते, डोंगर असतो. स्टेशनापर्यंत चालत कसें जावें, हें मात्र नसतें. पदपथ म्हणजे बहुधा गटारावरची झांकणें. त्यांवर दुचाक्या, पुढें दुकानाची पायरी, मग विजेचा खांब. आमच्यापुढें चालणारे एक वृद्ध गृहस्थ दोनदां उतरले, दोनदां चढले, आणि तिसऱ्या खेपेस पदपथाचा नाद सोडून रिक्षांच्या गर्दींतूनच चालूं लागले. खोपोलींत जुना मुंबई-पुणें रस्ता ओलांडतांनाहि आमचा अनुभव याहून निराळा नाहीं.

नियमांची उणीव आहे म्हणावें, तर तेंहि नाहीं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शिकेंत पदपथ निदान 1.8 मीटर मोकळा असावा व त्याची उंची 150 मिलिमीटरांहून अधिक नसावी, असें आहे. मे 2025 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पदपथाचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

अशा वेळीं याच तालुक्यांतील माथेरानाचा दाखला देण्याची रीत आहे. 1850 सालीं ठाण्याचा कलेक्टर मॅलेट खालापूर बाजूच्या चौक गांवाहून वर चढला. 1907 सालीं नेरळाहून छोटी आगगाडी आली. परंतु मोटार दस्तुरी नाक्यावरच थबकली. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले, तर पुढें सारा व्यवहार पायांचा व घोड्यांचा. तांबडी माती, वर झाडांची सावली, कानांशीं भोंगा नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं त्या वाटेनें जातांना आम्हांसहि वाटलें, रस्ता असावा तर असा!

ही स्तुति आम्हांस अर्ध्या वाटेंत मागें घ्यावी लागली. समोरून हातरिक्षा आली. एक जण ती ओढीत होता, दुसरा मागून रेटीत होता, आणि आंतील गृहस्थ झाडांची शोभा पाहत होते. ज्या वाटेवर आम्ही हौसेनें चालत होतों, त्याच वाटेवर दुसरा मनुष्य पोटासाठीं जनावराचें काम करीत होता. माथेरानावरील प्रवासवर्णनांत ही माणसें चित्राच्या कडेस उभीं असतात. त्यांच्या तळपायांनीं वाटेचें वर्णन कोणी केलेलें आमच्या वाचनांत नाहीं.

डिसेंबर 2022 मध्यें तेथें ई-रिक्षा प्रयोगादाखल सुरू झाल्या, तेव्हां शाळेंत पायपीट करणाऱ्या मुलांची सोय झाली. तरी सौंदर्य बिघडल्याची तक्रार झालीच. ऑगस्ट 2025 मध्यें न्यायालयानें मनुष्यानें ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत फरशीच्या ठोकळ्यांस मुभा दिली, आंतील वाटा मात्र मातीच्याच राखावयास सांगितल्या. आम्हांस हा निवाडा पुष्कळ रसिकांच्या मताहून अधिक रसज्ञ वाटतो. मुख्य वाट श्रमणाऱ्याची, आडवाट रमणाऱ्याची, हा भेद त्यांत ओळखला आहे. मुभेची ती हद्द हळूहळू आंत सरकेल, ही भीति मात्र आम्ही लपवीत नाहीं.

म्हणून कर्जतचें माथेरान करा, अशी मागणी आम्ही करणार नाहीं. तेथें झाडी नको, तांबडी मातीहि नको. स्टेशनापासून बाजारापर्यंत एक सलग, सपाट पट्टी हवी. पायरी मागें सरकवून, खांब हलवून, दुचाकी उचलून. ती झाल्यावर आम्ही पुन्हा जाऊं, आणि त्या वृद्ध गृहस्थांच्या मागोमाग चालून पाहूं.