सुतकाच्या छायेतील हास्य : ‘व्हेंटिलेटर’ चित्रपटाचा रसदृष्ट्या विचार

मरणाच्या प्रसंगी जमलेल्या नातलगांचे कलह हा विनोदाचा जुना विषय आहे. तथापि त्यावर उभारलेल्या कलाकृतीचे शास्त्र वाटते तितके सोपे नाही. संस्कृत साहित्यशास्त्राने हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस मानले असून विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त ह्या विरोधाची स्पष्ट नोंद आहे. दोन्ही रस एकाच प्रसंगात आणू पाहणाऱ्या कलावंतापुढे दुहेरी संकट असते. हास्य बळावले तर शोक उथळ ठरतो, आणि शोक बळावला तर हसणारा प्रेक्षक स्वतःला अपराधी समजू लागतो. राजेश मापुसकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) ह्या मराठी चित्रपटाचा विचार ह्या दृष्टीने करणे उपयुक्त ठरेल.

कथानक थोडक्यात असे : कोकणातील कामेरकर कुळातील वयोवृद्ध गजाकाका मुंबईच्या एका रुग्णालयात बेशुद्धावस्थेत आहेत आणि त्यांचा श्वास यंत्राच्या आधारे चालू आहे. गणेशचतुर्थी अवघ्या काही दिवसांवर आली आहे. मुंबईतील आणि गावाकडील आप्तेष्ट रुग्णालयात जमू लागतात. काकांचा मुलगा प्रसन्न (जितेंद्र जोशी) राजकारणात गुंतलेला व वडिलांपासून दुरावलेला आहे. पुतण्या राजा (आशुतोष गोवारीकर) चित्रपट-दिग्दर्शक आहे. शंभराहून अधिक नटनटींच्या ह्या गोतावळ्यात प्रत्येकाजवळ एक जुनी कागाळी आहे आणि प्रत्येकाच्या मनात एक न उच्चारलेला प्रश्न आहे : काकांचे काही बरेवाईट झाले, तर गणपतीचे काय?

ह्या प्रश्नातच चित्रपटाच्या विनोदाचे बीज आहे. कोकणात गणपती हा मूळ घराचा, म्हणजेच साऱ्या भाऊबंदांचा उत्सव असतो. कुळात मृत्यू घडला की सगोत्रांना दहा दिवसांचे सुतक येते आणि त्या काळात देवकार्य वर्ज्य होते. एका वृद्धाचा मृत्यू अशा रीतीने साऱ्या कुळाच्या पंचांगाचा प्रश्न बनतो. आशौचाचे नियम गोत्रावरून ठरतात, शोकाच्या प्रमाणावरून नव्हे. वर्षानुवर्षे तोंड न पाहिलेल्या चुलत्याचे सुतक पूर्ण दहा दिवस पाळावे लागते. उलट विवाहित कन्येला पित्याचे आशौच शास्त्राने तीनच रात्रींचे सांगितले आहे. नात्याचे शास्त्रोक्त माप आणि अंतःकरणाचे माप ह्यांच्यातील ही तफावत म्हणजेच ‘व्हेंटिलेटर’मधील हास्याचा खरा विभाव होय. येथील आप्त दुष्ट नाहीत. त्यांना काकांचे प्रेम आहे आणि गणपतीचेही आहे. केवळ ही दोन प्रेमे एकाच आठवड्यात येऊन आदळली आहेत. म्हणून ह्या हास्यात तुच्छता नाही.

विरोधी रसांचा मेळ कसा घालावा, ह्याचा विचार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तृतीय उद्द्योतात केला आहे. दोन विरोधी रसांचे आश्रय भिन्न ठेवावेत, त्यांच्यामध्ये तिसरा रस घालावा, अथवा एकाला दुसऱ्याचे अंग बनवावे, असे मार्ग त्याने दाखविले. मापुसकरांनी, जाणता वा अजाणता, मुख्यतः पहिला मार्ग पत्करला आहे. अतिदक्षता विभागाच्या दाराने चित्रपटाचे दोन भाग केले आहेत. दाराआड करुण आहे : निश्चल देह, यंत्राची लय, एकेकाने येऊन उभे राहणे. दाराबाहेर हास्य आहे : डबे, दूरध्वनी, मानपान, तोंडी वैद्यकशास्त्र आणि जुने हिशेब. पात्रे तीच असतात. परंतु दार ओलांडताच त्यांचा स्वर पालटतो. हे ओलांडणे विनासायास घडावे लागते, आणि ते श्रेय बव्हंशी संकलनाचे व ध्वनियोजनेचे आहे. चौसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शनाबरोबरच रामेश्वर भगत यांच्या संकलनाचा आणि आलोक डे यांच्या अंतिम ध्वनिमिश्रणाचा गौरव झाला, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण वाटते.

मराठी परंपरेत ह्या चित्रपटाचे नाते सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) ह्या नाटकाशी जोडावे लागते. स्वतः आळेकर ‘व्हेंटिलेटर’मध्ये एका वडीलधाऱ्या पुरुषाच्या भूमिकेत आहेत, हा योगायोगही लक्षणीय आहे. ‘महानिर्वाणा’त मेलेले भाऊराव कीर्तनकाराच्या थाटात आपल्याच मरणाचे निरूपण करतात. तेथे प्रेतच बोलके असल्याने शोकाला थाराच मिळत नाही. करुणाचे आलंबन स्वतःच हास्याचे आश्रयस्थान बनते आणि उपहास तीव्र होतो. ‘व्हेंटिलेटर’मध्ये ह्याच्या उलट स्थिती आहे. गजाकाका बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने सारेच बोलतात. त्यांना काय हवे होते, ते कोणावर अधिक माया करीत, ह्याचे दावे वाढत जातात आणि त्या दाव्यांतून काकांपेक्षा दावेदारच अधिक उघडे पडतात.

जुझो इतामी यांचा जपानी चित्रपट ‘ओसोशिकी’ (१९८४) ह्याच्याशी तुलना केल्यास आणखी एक विशेष ध्यानात येतो. तेथे सासऱ्याच्या निधनानंतर अंत्यविधीची जबाबदारी अंगावर पडलेले नट-नटी दांपत्य विधींची माहिती ध्वनिचित्रफितीवरून शिकते. मृत्यू निश्चित आहे, विधी मात्र विसरला गेला आहे. हास्य त्या विसरातून उपजते. कामेरकरांना विधी तोंडपाठ आहे, परंतु मृत्यूच अनिश्चित झाला आहे. मरणानंतर काय करावे हे परंपरेने शेकडो वर्षांपूर्वी ठरवून दिले. मरणाचा क्षणच माणसाच्या हाती आल्यास काय करावे, हे मात्र कोणत्याही पोथीत सापडत नाही. यंत्र केव्हा थांबवावे, हा प्रश्न आधुनिक आहे आणि तो अखेर मुलावर येऊन पडतो. कायदाही त्या काळी चाचपडत होता. अरुणा शानभाग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अशा निर्णयासाठी उच्च न्यायालयाच्या अनुमतीची अट घातली होती. सन्मानाने मरण्याच्या हक्काला आणि जिवंतपणी करून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली ती २०१८ मध्ये. चित्रपटाचा भर कायद्यावर नाही. निर्णय घेणाऱ्या मुलाच्या एकाकीपणावर आहे. शंभर नातलग भोवती असूनही सही एकालाच करावयाची असते.

येथवर चित्रपटाचे यश वादातीत आहे. उत्तरार्धाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. पिता-पुत्रांच्या दुराव्याचे सूत्र प्रसन्नप्रमाणेच राजाच्या बाबतीतही योजिल्याने एकच आशय दोनदा सांगितला जातो. पूर्वार्धात जे कलहातून सूचित होत होते, ते पुढे संवादांतून आणि ‘बाबा’ ह्या गीतातून वाच्य होते. आणि व्यंग्य वाच्य झाले की रसहानी होते. आश्रयभेदाचे तत्त्वही येथे सुटते : दाराबाहेरचे हास्य ओसरते आणि दाराआडचा करुण बाहेर येऊन सारा अवकाश व्यापतो. ‘ओसोशिकी’च्या अखेरीस वृद्ध विधवा शांतपणे चार शब्द बोलते व तेवढ्याने आधीच्या साऱ्या गमतीला खोली येते. तसा संयम ‘व्हेंटिलेटर’ने पाळला असता, तर अखेरचा निर्णय अधिक जड वाटला असता. शिवाय अशा प्रसंगी शुश्रूषेचा भार ज्या स्त्रियांवर असतो, त्यांचे मत निर्णयाच्या वेळी मागे पडते, ह्या विसंगतीत दडलेले हास्य आणि कारुण्य चित्रपटाने पुरेसे वापरलेले नाही.

हे दोष मान्य करूनही ‘व्हेंटिलेटर’चे महत्त्व कमी होत नाही. मरणाच्या दारात हसणे ही मृताची अवहेलना नव्हे, हे त्याने कामेरकरांच्या भांडणांतून सिद्ध केले आहे. जेथे नाते उरलेले नसते तेथे भांडणही उरत नाही. गजाकाकांसाठी आलेली मंडळी भांडतात, कारण त्यांना अजून एकमेकांकडून काही अपेक्षा आहेत. सुतक पाळण्याचे दिवस शास्त्राने मोजून दिले. ह्या अपेक्षांना मात्र मुदत नसते. चित्रपटाच्या पूर्वार्धातील हास्य ह्या जाणिवेवर उभे आहे, आणि म्हणूनच ते करुणाचा विरोधी न राहता त्याचे अंग बनते.