रानेव्स्कायाबाईंच्या भूमिका

लहान भूमिका अशी नसतेच, लहान असतात ते नट, या रंगभूमीवरील जुन्या समाधानावर आमचा विश्वास होता. फैना रानेव्स्काया (१८९६–१९८४) या रशियन अभिनेत्रीची कारकीर्द पाहतां तो डळमळतो.

तागानरोग हें चेखोवचें जन्मगांव, बाईंचेंही तेंच. फेल्डमान हें आडनांव टाकून त्यांनीं त्याच्या 'चेरीची बाग' या नाटकांतील नायिकेचें नांव धारण केलें. १९३९ च्या 'पोदकीदिश' या चित्रपटांत नवऱ्याला दटावणारें त्यांचें एक वाक्य लोकांच्या तोंडीं असें बसलें कीं, पुढें बाईंना त्याचा उबग आला. हंशा पिकविणारी नटी हा शिक्का तेव्हांपासूनचा.

वस्तुतः मिखाईल रोम यांच्या, १९४१ मध्यें पुऱ्या झालेल्या 'मेच्ता'मधील रोझा पहावी. भाड्याच्या खोल्या चालविणारी ही कंजूष, कर्कश बाई मुलाच्या मायेनें आंधळी झालेली आहे. तिचा राग यावा, तोंच कींव येते. या तोडीची भूमिका पडद्यावर त्यांना पुन्हां मिळाली नाहीं, असें आमचें मत आहे. आयझेनस्टाइन यांना आपल्या झार ईव्हानवरील चित्रपटांत त्या हव्या होत्या. परंतु चेहरा ज्यू दिसतो म्हणून सरकारी चित्रपटखात्यानें १९४२ मध्यें नकार दिला. त्याच सरकारनें पुढें त्यांना तीनदां स्तालिन पारितोषिक द्यावें, हें विशेष!

रंगभूमीनें थोडी भरपाई केली. मॉस्कोच्या मोसोवेत नाट्यगृहांत १९६९ मध्यें, अनातोली एफ्रोस यांच्या दिग्दर्शनाखालीं, मुलांनीं पतीपासून तोडलेली वृद्धा त्यांनीं उभी केली. पतीच्या भूमिकेंत रोस्तिस्लाव प्ल्यात होते. बाईंची सत्तरी तेव्हां उलटली होती.