पट आणि पट्टी

१२ डिसेंबर २०२४ च्या रात्री, नवाच्या सुमारास, सेंटोसा बेटावरच्या इक्वेरियस हॉटेलात डिंग लिरेनने आपला हत्ती उचलून एका चुकीच्या घरात ठेवला आणि थोड्याच वेळात अठरा वर्षांचा दोम्मराजू गुकेश बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. आपल्या मंडळातली किती कुटुंबे त्या अडीच-तीन आठवड्यांत मुलाबाळांसह सेंटोसाला जाऊन आली हे आपण सगळे जाणतोच. त्या डावाविषयी तज्ज्ञांनी भरपूर लिहिले आहे आणि त्यात भर घालण्याची माझी पात्रता नाही. कॉलेजच्या संघात तिसऱ्या पटावर बसण्यापलीकडे माझी मजल गेली नाही. मला बोलायचे आहे ते डाव पाहणाऱ्यांविषयी. खेळाडूंची चिकित्सा सगळेच करतात, प्रेक्षकांची कोणी करत नाही. आणि या डावात माझ्या मते खेळाडूंपेक्षा प्रेक्षक वाईट खेळले.

ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. चौदा डावांचा सामना, २५ नोव्हेंबरला सुरू झालेला. पहिला डाव डिंगने जिंकला, तिसरा गुकेशने. मग सलग सात बरोबऱ्या. अकरावा गुकेशचा, बारावा डिंगचा (आणि तो डिंगने फार सुंदर जिंकला), तेरावा बरोबरीत. गुणसंख्या साडेसहा-साडेसहा. शेवटचाही डाव बरोबरीत सुटला असता तर दुसऱ्या दिवशी जलद डाव खेळावे लागले असते आणि त्यात डिंगचे पारडे जड मानले जात होते. म्हणून पांढरी मोहरी हाती असूनही डिंगने डाव थंड करत नेला. वजीर गेले, बरीच प्यादी गेली. उरले ते दोघांचा एकेक हत्ती, एकेक उंट आणि मूठभर प्यादी. त्यात गुकेशचे एक प्यादे जास्त. नीट बचाव केला तर बरोबरी, असे सगळे जाणकार सांगत होते.

५५ व्या चालीला डिंगने हत्तींची अदलाबदल देऊ केली. त्याचा उंट तेव्हा पटाच्या अगदी कोपऱ्यात होता. कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरकी वाट असते. हत्ती मारले गेल्यावर गुकेशने आपला उंट त्याच वाटेवर आणून उभा केला. आता डिंगच्या उंटाला पळायला जागाच नव्हती. उंटही मारले जाणार, मग फक्त राजे आणि प्यादी उरणार आणि तिथे एक प्यादे जास्त म्हणजे डाव जिंकलेला. तीन चालींनंतर, ५८ व्या चालीला, डिंगने डाव सोडला.

आता पट्टीविषयी. हल्ली बुद्धिबळाच्या थेट प्रक्षेपणात पटाच्या शेजारी एक उभी पट्टी असते, अर्धी पांढरी, अर्धी काळी. स्टॉकफिशसारखा संगणक-प्रोग्रॅम क्षणाक्षणाला स्थितीचे मोल ठरवतो आणि त्याप्रमाणे पट्टी वरखाली होते. कोण वरचढ हे समजायला बुद्धिबळ यावे लागत नाही, पट्टी वाचता आली की पुरे. लाखो नवे प्रेक्षक या खेळाकडे आले त्यात पट्टीचा वाटा मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. माझी पत्नी, जिला घोडा अडीच घरे चालतो एवढेच ठाऊक होते, ती या सामन्याचे सर्व डाव पट्टीच्या आधाराने पाहू शकली.

पण माझा दिवसाचा धंदा मोजमापाच्या यंत्रणांचा आहे. कोणताही आकडा पाहिला की तो काय मोजत नाही हे आधी विचारण्याची आम्हा लोकांना खोड असते. पट्टीमागचे गृहीत असे की, यापुढे दोन्ही बाजू सर्वोत्तम चालीच खेळतील. म्हणजे पट्टी मधोमध असली तर त्याचा अर्थ ‘न चुकणाऱ्याला बरोबरी’ एवढाच. ती बरोबरी राखायला किती चाली अचूक सापडाव्या लागतील, त्या शोधणाऱ्या माणसाचे डोके किती शिणले आहे, चौथ्या तासाला त्याच्या घड्याळात काय उरले आहे, यातले काहीही पट्टी मोजत नाही. घाटातल्या रस्त्याचा उतार शून्य दाखवणारे यंत्र दरीकडच्या कठड्याबद्दल काही सांगत नाही, तसेच हे. त्या रात्री तासन् तास पट्टी मध्याजवळ उभी होती, म्हणून बघणाऱ्यांनी ठरवून टाकले की पटावर काही घडत नाही. ‘आता हा पोरगा उगाच का ताणतोय?’ असा सूर माझ्या ओळखीच्या किमान चार घरांतून निघाला. मग ५५ वी चाल झाली, पट्टी खाडकन काळी झाली आणि तीच चार घरे ‘काय मूर्खपणा!’ म्हणून ओरडली.

ज्याच्यासमोर पट्टी नव्हती त्याचे काय झाले पाहा. गुकेशने नंतर सांगितले की, ती चूक आहे हे त्याला लगेच कळलेच नाही. तो दुसरीच चाल खेळायच्या बेतात होता. मग त्याला उंटाची चाल दिसली. ज्याने आयुष्य या खेळाला दिले त्याला जे दिसायला काही क्षण लागले, ते आपल्याला दिवाणखान्यात सोफ्यावर बसून तत्काळ ‘दिसले’. आपल्याला खरे म्हणजे काहीच दिसले नव्हते. आपल्याला कळवण्यात आले होते.

बुकित बातोकला आमच्या इमारतीखाली, व्हॉइड डेकमध्ये, पट कोरलेली दगडी टेबले आहेत. तिथे संध्याकाळी काही वयस्क चिनी गृहस्थ त्यांचे चिनी बुद्धिबळ खेळतात. खेळणारे दोन आणि भोवती उभे सहा. त्यांतले एक निवृत्त बसचालक डिंगचे डाव पाहत असत, आमच्या मुलाशी त्यावर इंग्रजी-मँडरिन मिसळून बोलत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सहज विचारले, वाईट वाटले का? ते म्हणाले, वाईट वाटलेच, पण उंट तर त्याने आधीच कोपऱ्यात ठेवला होता, चूक काय त्या एका चालीत झाली? मला ही त्या आठवड्यात ऐकलेली सर्वांत शहाणी प्रतिक्रिया वाटली. हे गृहस्थ पट्टीशिवाय पटाकडे पाहण्याच्या सवयीचे आहेत. आपल्याकडेही सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांत टेबलाभोवती उभे राहणारे प्रेक्षक याच जातीचे. काय चालले आहे ते स्वतःच शोधायचे, नाही समजले तर गप्प राहायचे.

गप्प न राहिलेल्यांत मोठी नावे होती हे मात्र खेदाने नोंदवावे लागते. माजी जगज्जेते व्लादिमिर क्रामनिक यांनी ‘आपल्या परिचयाचे बुद्धिबळ संपले’ अशा अर्थाचे उद्गार काढले आणि एवढ्या पोरकट चुकीवर जगज्जेतेपद आजवर कधी ठरले नव्हते असेही म्हटले. आता इतिहास पाहू. १८९२ साली हवानामध्ये स्टाइनिट्झविरुद्ध चिगोरिन एका मोहऱ्याने पुढे होता. जिंकला असता तर सामन्यात बरोबरी साधली असती. त्याने राजाच्या रक्षणाला असलेला उंट स्वतःच्या हाताने हलवला आणि दोन चालींत मात होण्याची वाट उघडली. सामना तिथेच संपला. २०१४ साली सोचीला कार्लसनने सहाव्या डावात ढोबळ चूक केली आणि आपल्या आनंदला ती दिसली नाही. आणि खुद्द क्रामनिक? जगज्जेता असताना, २००६ साली बॉनला, डीप फ्रिट्झ या संगणकाविरुद्ध त्यांना एका चालीतली मात दिसली नव्हती. ज्याच्या हातून असे घडले आहे त्याने तरी डिंगबद्दल जरा सबुरीने बोलायला हवे होते.

रशियन बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष आंद्रे फिलातोव्ह यांनी तर डिंग मुद्दाम हरला की काय अशी शंका घेऊन चौकशी मागितली. फिडेच्या अध्यक्षांनी, चुका होतातच म्हणून खेळ हा खेळ असतो, या आशयाचे उत्तर देऊन विषय मिटवला. या सामन्यात प्रत्येक जिंकलेल्या डावाला दोन लाख डॉलर होते, वर जगज्जेतेपद. ते कोणी पंचावन्न चाली झगडून मग फेकून देतो म्हणणाऱ्याशी वाद काय घालायचा?

‘भेट मिळालेला विजय’ या शब्दप्रयोगाचा मात्र समाचार घ्यायला हवा, कारण तो आपल्याकडच्या सुशिक्षितांच्या तोंडीही आहे. भेट ही न मागता मिळते. गुकेश चौदा डाव ती मागत होता. सहाव्या डावात त्याची बाजू किंचित खालची असताना समोरून चालींची पुनरावृत्ती करून बरोबरी मिळत होती, ती त्याने नाकारली आणि खेळत राहिला. समालोचकांनी तेव्हा भुवया उंचावल्या. पण असे रोज केले की समोरच्याला विसावा मिळत नाही. डिंग २०२३ साली अस्तानाला जगज्जेता झाल्यानंतर मनाच्या आजारपणातून गेला होता आणि ते त्याने स्वतः मोकळेपणाने सांगितले आहे. त्याच्याकडून रोज चार तास अचूक उत्तरे मागत राहणे ही गुकेशची योजना होती असे मला वाटते. तिला कठोर म्हणा हवे तर. दैवयोग मात्र म्हणू नका.

आणखी एक गंमत त्या रात्रीनंतर झाली. तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी चेन्नईचा अभिमान म्हणून गुकेशचे अभिनंदन केले, तर आंध्रच्या मुख्यमंत्र्यांनी आपला तेलुगू मुलगा म्हणून; आणि मुलगा नेमका कोणाचा यावर हमरीतुमरी जुंपली. आपण मराठी मंडळी त्यावर खूप हसलो. पुढे २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि आपल्या हसण्याची परीक्षा झाली. नागपूरची की विदर्भाची की महाराष्ट्राची, इथपासून सुरुवात. हंपीही भारताचीच, आणि तिची कारकीर्द केवढी मोठी, याचा दोन दिवस कोणाला पत्ता नव्हता.

दिव्याच्या त्या अंतिम लढतीतही शेवट चुकांनीच झाला. नेहमीच्या वेळेचे दोन डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत आणि दुसऱ्या जलद डावात घड्याळाने कोंडलेल्या हंपीच्या हातून निसटले. तरी तिथे ‘भेट’ हा शब्द मी आपल्या मंडळींकडून ऐकला नाही. नियम सगळ्यांना सारखा हवा, एवढेच जाता जाता.

पण दिव्याचे एक म्हणणे इथे जास्त महत्त्वाचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या टाटा स्टील स्पर्धेनंतर, वय वर्षे अठरा, तिने प्रेक्षकांविषयी जाहीरपणे लिहिले. आपले डाव चांगले झाले, पण बघणाऱ्यांचे लक्ष डावांकडे नव्हतेच; कपडे, केस, बोलण्याची ढब यांवरच चर्चा, पुरुष खेळाडूंना मात्र त्यांच्या खेळावरून जोखतात, असा तिच्या तक्रारीचा गाभा होता. महाराष्ट्रात खाडिलकर भगिनींनी पन्नास वर्षांपूर्वीपासून महिला बुद्धिबळ गाजवले. म्हणजे पटावर बसलेली मुलगी ही आपल्याला काही नवलाई राहिलेली नाही. तरी अठरा वर्षांच्या मुलीला हे लिहावे लागले. पट्टीकडे पाहणारे, प्रांताकडे पाहणारे आणि केसांकडे पाहणारे हे प्रेक्षक मला एकाच कुळातले वाटतात. पट तिघांच्याही समोर असतो आणि तिघेही त्याच्या शेजारी बघत असतात.

हे मला टोचते त्याचे कारण आपल्या घरांत आहे. सामना संपल्यावर आपल्यातल्या अनेकांनी मुलांना बुद्धिबळाच्या शिकवणीला घातले. उत्तम झाले. पण पीएसएलईच्या गुणपट्टीवरून बारा वर्षांच्या मुलाचे मोल ठरवण्याची या शहरातल्या आपल्या घरांना आधीच सवय आहे. त्या हाताला ही दुसरी पट्टी लगेच सापडते. एका मित्राच्या घरी मी पाहिले: मुलगा खेळलेला डाव संगणकावर दाखवत होता, वडील मागे उभे. पट्टी घसरली की ‘इथे चुकलास’, चढली की ‘शाबास’. ती चाल का खेळलास, मनात काय होते, हे दहा मिनिटांत एकदाही विचारले गेले नाही. मुलगा शेवटी पटाकडे न बघता वडिलांसारखाच पट्टीकडे बघून पुढची चाल सांगू लागला.

डिंगने त्या रात्री पत्रकारांसमोर येऊन शांतपणे सांगितले की, चूक लक्षात आली तेव्हा धक्का बसला, पण वर्षभराचा विचार करता आपण या स्पर्धेत चांगले खेळलो, निकाल न्याय्य आहे आणि खंत नाही. गुकेशने त्याला खरा जगज्जेता म्हटले. या दोघांइतके समतोल त्या आठवड्यात तिसरे कोणी बोलले असेल तर ते आमच्या इमारतीखालचे बसचालक आजोबा.

आमच्या घरी आता पट्टीवर दिवाळीच्या मिठाईच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा चिकटवलेला असतो. गेल्या महिन्यात चौदावा डाव पुन्हा लावला. ५५ व्या चालीवर थांबवून मुलाला विचारले, आता काळ्याने काय खेळावे? त्याला उंटाची ती चाल सापडायला अकरा मिनिटे लागली. गुकेशपेक्षा बरीच जास्त, आणि पत्नीचे म्हणणे असे की, माझ्यापेक्षा पुष्कळ कमी.