मेजर रॅव्हर्टी यांचा पश्तो अभ्यास : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मराठीच्या अभ्यासकाला कोशकार मोल्सवर्थ सुपरिचित आहे. कंपनी सरकारच्या त्याच मुंबई लष्करातील दुसरा भाषाभ्यासक हेन्री जॉर्ज रॅव्हर्टी (१८२५–१९०६) मात्र आपल्याकडे उपेक्षित राहिला. मुलतानच्या वेढ्यात सहभागी झालेला हा अधिकारी १८५२ ते १८५९ या काळात पंजाबात असिस्टंट कमिशनर होता. त्याच्या पश्तोविषयक कार्याचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
१८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर पेशावरचा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला. दुभाष्यावर विसंबणाऱ्या राज्यकर्त्यास रयतेची भाषा शिकणे ही राजकीय निकड होती. रॅव्हर्टीचे व्याकरण (१८५५) व कोश (१८६०) या निकडीतून जन्मास आले, हे नाकारता येत नाही. परंतु केवळ निकडीने त्याच्या कार्याचा उलगडा होत नाही. कारभारापुरती भाषा हवी असणारा अधिकारी रहमान बाबा व खुशालखान खटक यांच्या काव्यात वर्षानुवर्षे रमत नाही.

१८६२ मध्ये त्याने अफगाण कवींच्या निवडक काव्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यात अहमदशहा अब्दालीच्याही कविता आहेत. १७६१ च्या पानिपतामुळे मराठी मनात केवळ शत्रू म्हणून कोरला गेलेला हा पुरुष आपल्या मातृभाषेचा कवी होता, ही जाणीव आपल्या इतिहासदृष्टीस अंतर्मुख करणारी आहे.

तथापि रॅव्हर्टीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्याचा अनुवाद शब्दनिष्ठ असल्याने मूळ रचनेतील यमक व लय लोपते. शिवाय त्याची निवड नामांकित कवींच्या लिखित दिवाणांपुरती राहिली. लोककंठातील गीते संकलित करून त्यांस अभ्यासविषयाची प्रतिष्ठा देण्याचे कार्य पुढे फ्रेंच पंडित जेम्स दार्मस्तेतेर याने १८८८–९० च्या ग्रंथात केले. मोल्सवर्थच्या कोशात कोकण व देशावरील बोलींतील शब्दांनाही स्थान मिळाले, हे येथे तुलनेसाठी लक्षात घ्यावे. मात्र पूर्वेकडील व पश्चिमेकडील उच्चारभेद रॅव्हर्टीने थेट कोशाच्या शीर्षकातच नोंदवले, हे त्याचे श्रेय होय.

निष्कर्ष :
रॅव्हर्टीचे ज्ञान सत्तेच्या आश्रयाने वाढले. तरीही ते सत्तेपुरते उरले नाही. अशा ग्रंथांचा सरसकट गौरव किंवा सरसकट धिक्कार, दोन्ही एकांगी ठरतात. पानिपताकडे पाहणाऱ्या मराठी अभ्यासकाने फारसी साधनांच्या जोडीला पश्तो काव्याचीही दखल घेणे अगत्याचे आहे.